हिमशिखरांचे दर्शन आणि हिमालयाचे हवामान : नंदादेवी व फुलांच्या दरीकडे निघण्यापूर्वी

उत्तराखंड राज्यातील नंदादेवी आणि व्हॅली ऑफ फ्लॉवर्स अर्थात फुलांची दरी ही दोन राष्ट्रीय उद्याने देशभरातील निसर्गप्रेमींच्या आकर्षणाचे केंद्र आहेत. हिमाच्छादित शिखरे आणि फुलांनी बहरलेली कुरणे एकाच प्रवासात पाहावयास मिळावीत, अशी बहुतेक पर्यटकांची अपेक्षा असते. परंतु ज्या काळात फुले बहरतात त्या काळात शिखरे ढगांआड असतात आणि ज्या काळात शिखरे स्पष्ट दिसतात त्या काळात फुलांचा हंगाम संपलेला असतो. हे वास्तव ध्यानात न घेता आखलेला प्रवास निराशेचे आणि प्रसंगी जिवावरच्या धोक्याचेही कारण ठरू शकतो. म्हणूनच या भागातील हवामानाचे स्वरूप, शिखरदर्शनाची योग्य वेळ आणि आवश्यक दक्षता यांची माहिती निघण्यापूर्वीच करून घेणे हिताचे आहे.

उद्यानांचा परिचय

नंदादेवी शिखराची उंची ७,८१६ मीटर आहे. कांचनगंगा शिखर भारत आणि नेपाळच्या सीमेवर असल्याने, संपूर्णपणे भारतीय हद्दीत असलेले सर्वोच्च शिखर म्हणून नंदादेवीचा उल्लेख केला जातो. १९३४ मध्ये एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे ऋषिगंगेच्या दुर्गम घळीतून या शिखराच्या अंतर्भागात पोहोचले. त्यानंतर २९ ऑगस्ट १९३६ रोजी टिलमन आणि नोएल ओडेल यांनी शिखरावर प्रथम पाऊल ठेवले. १९८२ मध्ये हा परिसर राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित करण्यात आला आणि पर्यावरणाची हानी रोखण्याच्या हेतूने त्याचा अंतर्भाग गिर्यारोहण मोहिमांसाठी बंद करण्यात आला. १९८८ मध्ये युनेस्कोने या उद्यानाचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश केला, तर २००५ मध्ये फुलांच्या दरीलाही त्याच वारसा स्थळात स्थान देण्यात आले.

यातून पर्यटकांच्या दृष्टीने एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. नंदादेवीचे दर्शन घेण्यासाठी सामान्य पर्यटकाला उद्यानाच्या गाभ्यात जाता येत नाही. लाता गावाकडून काही अंतरापर्यंत, तेही वन विभागाच्या परवानगीने, मर्यादित स्वरूपात पदभ्रमण करता येते. शिखराचे उत्तम दर्शन होते ते उद्यानाबाहेरील ठिकाणांवरून. गढवालमधील औली, गोरसों बुग्याल आणि कुआंरी खिंड तसेच कुमाऊंमधील कौसानी आणि बिनसर ही त्यांपैकी प्रमुख ठिकाणे होत. ‘बुग्याल’ म्हणजे वृक्षरेषेच्या वर पसरलेले गवताळ कुरण.

फुलांची दरी मात्र पर्यटकांसाठी दरवर्षी १ जून ते ३१ ऑक्टोबर या काळात खुली असते. सुमारे ८७.५ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या उद्यानात वनस्पतींच्या पाचशेहून अधिक प्रजाती आढळतात. ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ १९३१ मध्ये कामेट शिखर सर करून परतत असताना या दरीत पोहोचले आणि त्यांच्या लेखनामुळे तिची कीर्ती सर्वदूर पसरली. गोविंदघाटहून पुलना गावापर्यंत वाहनाने आणि तेथून सुमारे दहा किलोमीटर पायी किंवा खेचरावरून घांघरिया येथे जावे लागते. दरीत मुक्कामास परवानगी नाही. सकाळी घांघरियाहून निघून संध्याकाळपूर्वी तेथेच परतावे लागते.

फुले की शिखरे?

नैर्ऋत्य मोसमी पाऊस उत्तराखंडमध्ये साधारणपणे जूनच्या अखेरच्या आठवड्यात दाखल होतो आणि सप्टेंबरच्या अखेरीस माघार घेतो. फुलांचा बहर याच पावसावर अवलंबून असतो. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत दरी पूर्ण भरात असते. या काळात शिखरे अनेक दिवस दिसत नाहीत, धुके उतरलेले असते आणि रस्त्यावर दरडी कोसळण्याचे प्रमाण सर्वाधिक असते. जूनच्या पूर्वार्धात दरीत ठिकठिकाणी बर्फ शिल्लक असतो आणि फुलांची केवळ सुरुवात झालेली असते.

सप्टेंबरच्या मध्यानंतर पावसाचा जोर ओसरू लागतो. फुलांची संख्या घटते, गवत पिवळे पडू लागते. परंतु आकाश मोकळे होऊ लागते. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हा शिखरदर्शनाचा सर्वोत्तम काळ मानला जातो. पावसाने वातावरणातील धूळ धुवून निघालेली असते, हवेतील बाष्प कमी झालेले असते आणि हिवाळी हिमवृष्टीला अद्याप सुरुवात झालेली नसते.

डिसेंबर ते मार्च या काळात पश्चिमेकडून येणारे वाऱ्यांचे प्रक्षोभ, ज्यांना हवामान विभाग ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतो, हिमालयात पाऊस आणि बर्फ आणतात. असा विक्षोभ सरकून गेल्यानंतर उत्तरेकडून थंड, कोरडी हवा येते आणि पुढील एक-दोन दिवस दृश्यमानता अतिशय चांगली असते. त्यामुळे हिवाळ्यात जाणाऱ्यांनी हिमवृष्टीच्या अंदाजाने प्रवास रद्द करण्याऐवजी शक्य असल्यास तो दोन दिवसांनी पुढे ढकलावा. एप्रिल आणि मे महिन्यांत मैदानी प्रदेशातील धूळ आणि वणव्यांचा धूर यांमुळे दूरची शिखरे धूसर दिसतात. या दिवसांत एखादी जोरदार सर पडून गेल्यानंतरची सकाळ साधावी.

फुले आणि शिखरे या दोहोंपैकी एकाची निवड करणे ज्यांना अवघड वाटते, त्यांच्यासाठी सप्टेंबरचा पूर्वार्ध हा मध्यम मार्ग होय. मात्र त्यात दोन्ही बाबतींत थोडी तडजोड स्वीकारावी लागते.

सकाळचेच महत्त्व का?

सूर्योदयापूर्वी स्पष्ट दिसणारी शिखरे दहा-अकरा वाजेपर्यंत ढगांनी झाकली जातात, असा अनुभव हिमालयात नेहमी येतो. याचे कारण शास्त्रीय आहे. सूर्य वर आल्यावर डोंगरउतार तापतात. त्यांना लागून असलेली हवा हलकी होऊन दरीतून वर चढू लागते. उंचीवर ती थंड होते, तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात आणि शिखरांभोवती ढग जमतात. दुपारी हेच ढग वाढून वादळी पावसाचे रूप घेऊ शकतात. रात्री ही प्रक्रिया उलट होते. उतार थंड होतात, जड हवा खाली सरकते आणि वरचे ढग विरतात. त्यामुळे पहाटे अनेकदा दरीत धुके आणि वर निरभ्र आकाश असे दृश्य असते. खालच्या गावातून काहीही दिसत नसले तरी तीन-चारशे मीटर उंचावरून संपूर्ण पर्वतरांग दिसू शकते.

पर्यटकांनी सूर्योदयाच्या किमान पाऊण तास आधी दर्शनस्थळी पोहोचावे. येथे घड्याळाचाही विचार करावा लागतो. जून महिन्यात औली येथे सूर्य सव्वापाचच्या सुमारास उगवतो. म्हणजे मुंबईपेक्षा सुमारे पाऊण तास आधी. पश्चिम किंवा दक्षिण भारतातून येणाऱ्यांनी आपल्या सवयीप्रमाणे सहा वाजता उठण्याचे ठरवल्यास सर्वांत सुंदर प्रकाश निघून गेलेला असतो.

प्रकाशाची दिशा आणि शिखरांची ओळख

कोणत्या ठिकाणाहून कोणत्या वेळी पाहावे, हे शिखराच्या दिशेवर अवलंबून असते. औलीहून नंदादेवी पूर्व-आग्नेय दिशेला आहे. सकाळी सूर्य शिखराच्या मागील बाजूने वर येत असल्याने त्याची आकृती काळसर दिसते. पश्चिमेकडील कड्यावर सोनेरी प्रकाश पडतो तो सूर्यास्ताच्या वेळी, अर्थात ढग नसतील तर. कौसानीहून नंदादेवी ईशान्येला आहे. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून उगवत असल्याने तेथे पहाटेचे ऊन पर्वतरांगेवर तिरपे पडते आणि कडे व घळी उठून दिसतात. मुनस्यारी येथून पंचचुली शिखरसमूह पूर्व-ईशान्येला असल्याने त्याच्यावरील संध्याकाळचा प्रकाश विशेष प्रसिद्ध आहे.

सर्वांत मोठे दिसणारे शिखर हेच सर्वोच्च असते, असा समज करून घेऊ नये. कौसानीहून ७,१२० मीटर उंचीचे त्रिशूल शिखर नंदादेवीहून अधिक उंच भासते, कारण ते अधिक जवळ आहे. औलीच्या परिसरातून द्रोणागिरी (७,०६६ मीटर) तसेच हाथी आणि घोडा ही शिखरे जवळून दिसतात. नंदादेवीच्या मुख्य शिखराजवळ ७,४३४ मीटर उंचीचे पूर्व शिखर असून त्याला सुनंदादेवी असेही म्हणतात. पर्वतरांगेचा नकाशा, होकायंत्र आणि साधी दुर्बीण जवळ असल्यास ओळख पटवणे सोपे होते.

हवामानाचा अंदाज कसा वाचावा?

भारतीय हवामान विभागाचे देहरादून येथील केंद्र उत्तराखंडसाठी जिल्हानिहाय अंदाज प्रसिद्ध करते. मुक्तेश्वर, सुरकंडा देवी आणि लॅन्सडाऊन येथील डॉप्लर रडारच्या साहाय्याने पुढील काही तासांतील पावसाची सूचनाही दिली जाते. या अंदाजांतील शब्दांना ठराविक अर्थ असतो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जिल्ह्यातील पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे पन्नास टक्क्यांपर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक केंद्रांवर पाऊस अपेक्षित असतो. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ११५.५ मिलिमीटरपर्यंतच्या पावसाला ‘मुसळधार’, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटरपर्यंत ‘अति मुसळधार’ आणि त्यापुढे ‘अत्यंत मुसळधार’ असे संबोधले जाते. एका तासात सुमारे १०० मिलिमीटर पाऊस छोट्या क्षेत्रावर कोसळल्यास ती ढगफुटी होय.

पिवळा इशारा लक्ष ठेवण्यास सांगतो, नारिंगी इशारा सज्ज राहण्यास आणि लाल इशारा तातडीने कृती करण्यास. पर्यटकांनी पिवळ्या इशाऱ्याच्या दिवशी जवळच्या अंतरापुरतेच बाहेर पडावे. नारिंगी इशारा असताना पदभ्रमण टाळावे आणि लाल इशारा असताना आहे त्या सुरक्षित ठिकाणीच थांबावे. जिल्ह्याचा अंदाज प्रत्येक दरीला तंतोतंत लागू पडत नाही, कारण एका धारेच्या दोन बाजूंना वेगवेगळे हवामान असू शकते. म्हणून वन चौकीतील कर्मचारी, गावकरी आणि वाटाड्ये यांचे मत अवश्य घ्यावे.

उंचीनुसार तापमानातील घटही लक्षात घ्यावी. ढोबळमानाने प्रत्येक हजार मीटरला साडेसहा अंश सेल्सिअसने तापमान कमी होते. ऋषिकेशमध्ये तीस अंश तापमान असताना सुमारे तीन हजार मीटर उंचीवरील घांघरिया येथे ते बारा-तेरा अंश आणि चार हजार मीटरहून अधिक उंचीवरील हेमकुंड साहिब येथे चार-पाच अंश असू शकते. पाऊस आणि वारा असल्यास प्रत्यक्ष गारठा याहून तीव्र असतो. भिजलेले सुती कपडे शरीरातील उष्णता वेगाने घालवतात. त्यामुळे लोकरीचे किंवा लवकर वाळणारे कपडे एकावर एक घालावेत आणि त्यांवर जलरोधक अंगरखा असावा.

निरभ्र आकाश म्हणजे सुरक्षितता नव्हे

पावसाळ्यापूर्वीचा जून महिना निर्धोक असतो, असा समज प्रचलित आहे. १६ आणि १७ जून २०१३ रोजी झालेल्या अतिवृष्टीने तो खोटा ठरवला. त्या वर्षी मोसमी पाऊस नेहमीपेक्षा बराच आधी संपूर्ण देशात पोहोचला होता. केदारनाथप्रमाणेच गोविंदघाट आणि फुलांच्या दरीच्या मार्गावरील भ्यूंडार परिसराचीही त्यात मोठी हानी झाली.

७ फेब्रुवारी २०२१ ची घटना याहून वेगळा धडा देते. त्या दिवशी सकाळी ऊन पडले होते आणि पाऊस नव्हता. नंदादेवी परिसरातील रोंटी शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फाचा प्रचंड कडा कोसळला आणि ऋषिगंगा व धौलीगंगा नद्यांना महापूर आला. दोनशेहून अधिक जण मृत्युमुखी पडले अथवा बेपत्ता झाले. चिपको आंदोलनात १९७४ साली गौरादेवी यांच्या नेतृत्वाखाली महिलांनी वृक्षतोड रोखली, ते रैणी गाव याच नदीकाठी आहे. ५ ऑगस्ट २०२५ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यातील धराली येथे आलेल्या पुरानेही नदीकाठच्या वस्तीची क्षणार्धात वाताहत केली. त्या वेळी महाराष्ट्रातील पर्यटकही तेथे अडकून पडले होते.

या घटनांवरून काही नियम निश्चितपणे सांगता येतात. नदीपात्रात किंवा ओढ्याच्या मुखाशी तंबू ठोकू नये आणि मुक्कामासाठी पात्रापासून दूर व उंचावर असलेले ठिकाण निवडावे. ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, त्याची पातळी अचानक वाढली अथवा घटली किंवा वरच्या बाजूने गडगडाट ऐकू आला, तर सामानाची चिंता न करता तत्काळ काठापासून दूर, उतारावर वरच्या दिशेने जावे. बर्फ वितळून वाहणाऱ्या ओढ्यांचे पाणी दुपारनंतर वाढते. म्हणून ते सकाळीच ओलांडावेत.

सह्याद्रीत पावसाळी भटकंतीची सवय असलेल्यांनी येथे विशेष सावध राहावे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. घांघरियाचा मुक्कामच त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर असतो. सह्याद्रीत चिंब भिजणे हा आनंदाचा भाग असतो. हिमालयात मात्र तेच शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे कारण ठरू शकते.

उंचीचा त्रास आणि विजांचा धोका

अडीच हजार मीटरच्या वर प्राणवायूच्या विरळतेमुळे डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे अशी लक्षणे दिसू शकतात. तीन हजार मीटरनंतर मुक्कामाची उंची दररोज तीनशे ते पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. ज्योतिर्मठ किंवा औली येथे एक दिवस विश्रांती घेऊन पुढे जाणे श्रेयस्कर. लक्षणे असताना आणखी उंचावर जाऊ नये. चालताना तोल जाणे, बसल्या जागी धाप लागणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे, यांपैकी काहीही आढळल्यास रात्र असली तरी रुग्णाला खाली उतरवणे हाच पहिला उपचार होय. हृदयविकार, दमा अथवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी निघण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. उंचीवर अतिनील किरणांचे प्रमाण दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. त्यामुळे बर्फावर गडद काचेचा चष्मा अनिवार्य समजावा.

दुपारच्या वादळात विजेचा धोका उघड्या कुरणांवर आणि धारेवर सर्वाधिक असतो. वीज चमकल्यानंतर गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागल्यास तिचे अंतर किलोमीटरमध्ये कळते. हा अवधी तीस सेकंदांहून कमी असल्यास उंच धार आणि एकाकी झाड सोडून खालच्या बाजूस यावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उघड्यावर जाऊ नये.

वेळापत्रकात मोकळे दिवस ठेवा

शिखरदर्शनाची शक्यता वाढवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे अधिक वेळ देणे. समजा, एखाद्या काळात निम्म्या सकाळी शिखरे दिसतात. एका मुक्कामात दर्शनाची शक्यता पन्नास टक्के. सलग तीन मुक्कामांत ती सुमारे सत्त्याऐंशी टक्क्यांपर्यंत जाते. प्रत्यक्षात ढगाळ दिवस सलग येत असल्याने हा हिशेब इतका सरळ नसतो, तथापि एकाच सकाळवर विसंबणे उचित नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

रस्त्यासाठीही राखीव दिवस हवेत. ऋषिकेश ते ज्योतिर्मठ हा सुमारे अडीचशे किलोमीटरचा मार्ग दरडींमुळे काही तास, तर कधी दिवसभरही बंद पडू शकतो. परतीची रेल्वे किंवा विमानाची वेळ आणि डोंगरातून उतरण्याचा दिवस यांत पावसाळ्यात किमान दोन दिवसांचे अंतर ठेवावे. गाडी चुकेल या भीतीने रात्री अथवा भर पावसात घाटरस्त्याने निघणे हा टाळता येण्यासारखा धोका आहे. जोशीमठ शहराचे नाव २०२४ मध्ये ज्योतिर्मठ करण्यात आल्याने नकाशांत आणि फलकांवर दोन्ही नावे आढळू शकतात. जानेवारी २०२३ मध्ये तेथे जमीन खचल्यानंतर औलीला जाणारा रज्जूमार्ग बंद करण्यात आला होता. त्यामुळे प्रवासाच्या साधनाची चौकशी आधीच करावी.

प्रत्येक दिवसाच्या चालीसाठी परतण्याची वेळ आदल्या रात्रीच ठरवावी. फुलांच्या दरीतून किंवा हेमकुंड साहिबहून दुपारी दोनच्या आत परतीला लागावे, मग ठरलेले ठिकाण गाठलेले असो वा नसो. हेमकुंड साहिब येथे रात्रीच्या मुक्कामाची सोय नाही, हे ध्यानात ठेवावे. आपला मार्ग आणि परतीची अपेक्षित वेळ निवासस्थानी लेखी द्यावी. आपत्कालीन मदतीसाठी ११२, राज्य आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७० आणि जिल्हा कक्षासाठी १०७७ हे क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत, कारण थंडीत मोबाइलची बॅटरी लवकर उतरते. ती अंगालगतच्या खिशात ठेवल्यास अधिक काळ टिकते.

दरीत फुले तोडण्यास मनाई आहे. हेमकुंडच्या परिसरात आढळणारे ब्रह्मकमळ हे उत्तराखंडचे राज्यपुष्प असून आपल्याकडे घराच्या कुंडीत रात्री फुलणारे, त्याच नावाने ओळखले जाणारे फूल अमेरिका खंडातून आलेल्या निवडुंगाच्या कुळातील आहे. हिमालयातील ब्रह्मकमळाला वर्षातील अवघे काही आठवडे फुलण्यास मिळतात. ते जागीच राहू द्यावे आणि सोबत नेलेले प्लास्टिक परत आणावे.

नंदादेवी ही गढवाल आणि कुमाऊं या दोन्ही प्रदेशांची आराध्यदेवता आहे. देवीने दर्शन दिले तर भाग्य, न दिले तर पुन्हा यावे, अशीच येथील लोकांची धारणा असते. पर्यटकांनीही हाच दृष्टिकोन ठेवल्यास ढगाळ सकाळी धोका पत्करून पुढे जाण्याचा मोह टळेल. शिखर आपल्या जागी राहणारच आहे. ते पुन्हा पाहण्यासाठी आपण सुखरूप परतणे अधिक महत्त्वाचे आहे.